आशीर्वाद देण्याआधी एक प्रश्न विचारा, फादर

(वसई धर्मप्रांतातील सर्व धर्मगुरूंना खुले पत्र)

आदरणीय फादर,



हे पत्र कुणा एका फादरना नाही. आगाशी-नंदाखालपासून पापडी-माणिकपूरपर्यंत आपल्या धर्मप्रांतातल्या प्रत्येक धर्मगुरूला आहे. उघड लिहिते आहे, कारण विषय चारचौघांत बोलायचा आहे आणि आजवर आपण तो दार लावून बोलत आलो. विषय पैशाचा आहे. त्यातही जमिनीच्या पैशाचा.

लूकच्या शुभवर्तमानातल्या बाराव्या अध्यायातली मूर्ख श्रीमंताची गोष्ट आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. पीक उदंड आलं, कोठारं अपुरी पडली, म्हणून जुनी पाडून मोठी बांधायचं त्याने ठरवलं आणि त्याच रात्री त्याचा जीव परत मागितला गेला. तुम्ही ती प्रवचनात सांगता आणि आम्ही मान डोलावतो. पण ती गोष्ट कशावरून निघाली, हे सांगायचं बहुतेक वेळा राहून जातं. गर्दीतल्या एका माणसाने येशूला मध्येच थांबवून गाऱ्हाणं घातलं होतं, की माझा भाऊ वडिलोपार्जित मिळकतीतला वाटा देत नाही, त्याला तुम्ही सांगा. येशूने पंच व्हायला नकार दिला, लोभापासून जपायला सगळ्यांनाच बजावलं आणि मग कोठारांची गोष्ट सांगितली. म्हणजे दोन भावांच्या वाटणीच्या भांडणाला दिलेलं ते उत्तर आहे. तो माणूस वसईचा असता तर त्याच्या हातात सातबाराचा उतारा असता.

हा उतारा ३ ऑगस्ट २०२५ च्या रविवारी मिस्सेत वाचला गेला. रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्राने येतात, त्या हिशेबाने तो पुन्हा २०२८ मध्ये यायला हवा. पण त्या वर्षी नेमका ६ ऑगस्टला रविवार आहे आणि त्या दिवशी प्रभूच्या रूपांतराचा सण असल्यामुळे रविवारची नेहमीची वाचनं बाजूला राहतील. रविवारच्या मिस्सेत ही गोष्ट पुन्हा ऐकायला २०३१ उजाडेल. तोवर आपल्या गावांतल्या किती वाड्यांचे फेरफार होऊन जातील, फादर? म्हणून विनंती आहे की पंचांगाची वाट न पाहता येत्या उपवासकाळातच हा विषय हाती घ्यावा.

आपली वसई केळीची, पानवेलींची, फुलांची. विहिरीवरचा रहाट, वाडीच्या कोपऱ्यातलं बावखलाचं तळं, पहाटेच्या गाडीने दादरला जाणारी फुलांची आणि भाजीची ओझी, एवढ्यावर पिढ्या जगल्या. पैसा थोडा होता आणि तो मेहनतीच्या मागोमाग, हळूहळू येत असे. मग मुंबईला जागा कमी पडू लागली आणि लोकलच्या रुळांसोबत शहर आपल्याकडे सरकलं. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या बारा लाखांवर गेलेली होती. आजोबांनी भाजी विकून आयुष्यभरात जेवढे रुपये पाहिले नाहीत तेवढे नातवाला एका विकसन करारनाम्यावर मिळाले. त्यात त्याचा दोष नाही. जमिनीला भाव येणं हे पाप नव्हे आणि गरज पडल्यावर जमीन विकणं हेही नव्हे. कुणाच्या घरात आजारपण होतं, कुणाला मुलांना शिकवायचं होतं, कुणाच्या विहिरीचं पाणी मचूळ झाल्यावर वाडी पिकेनाशी झाली होती.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस हा हरित पट्टा बांधकामाला खुला होऊ लागला तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो लोकांना घेऊन रस्त्यावर उतरले. पाणी, झाडं आणि शेती वाचवणं हा श्रद्धेचाच भाग आहे, हे त्यांनी आम्हाला दाखवून दिलं. २५ जुलै २०२४ ला ते गेले. बिल्डर, टँकरवाले आणि सरकार यांच्याशी कसं बोलायचं हे आम्ही त्या चळवळीत शिकलो. करारावर सही झाल्यानंतर आपल्याच घरात, आपल्याच भावंडांशी कसं बोलायचं, हा धडा मात्र तसाच राहिला. तो द्यायला आता तुमच्याशिवाय कोण आहे?

त्या धड्यातलं सगळ्यात अवघड पान बहिणींचं आहे.

हक्कसोडपत्र काय असतं हे मी जवळून पाहिलं आहे. वाडीचा व्यवहार ठरतो. लग्न होऊन गेलेल्या लेकींना निरोप जातो. माहेरी जेवण होतं, साडी दिली जाते आणि दुपारी सगळे मिळून दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जातात. लेक सही करते, अंगठ्याचा ठसा देते, फोटो काढून घेते. रक्कम किती ठरली हे तिला अनेकदा माहीतही नसतं. विचारलं तर माहेर तुटेल, अशी भीती तिच्या मनात असते आणि ती भीती सगळ्यांना ठाऊक असते. त्या भीतीवरच सही होते. भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ चा आहे. मृत्युपत्र न करता वारलेल्या ख्रिस्ती माणसाच्या मिळकतीत विधवेचा एक तृतीयांश हिस्सा काढल्यावर उरलेल्यात मुलगा आणि मुलगी यांना तो सारखाच वाटा देतो. शंभर वर्षं हा कायदा आपल्याला लागू आहे. ज्या बहिणीला खरोखर मनापासून वाटा सोडायचा आहे तिने जरूर सोडावा, ते दानच आहे. पण दान देणाऱ्याला आपण काय देतो आहोत ते ठाऊक असायला हवं.

गणनेच्या पुस्तकातल्या सलाफहादच्या पाच मुलींबद्दल मी एकही प्रवचन ऐकलेलं नाही. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा. पाचही जणींची नावं पवित्र शास्त्राने जपून ठेवली आहेत. वडील वारले, भाऊ नव्हता, म्हणून जमीन दुसरीकडे जाणार होती. त्या दर्शनमंडपाच्या दाराशी, मोशे, याजक, सरदार आणि सगळी मंडळी यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी वडिलांच्या जमिनीतला हिस्सा मागितला. मोशेने तो प्रश्न परमेश्वरापुढे नेला आणि मुलींचं म्हणणं रास्त आहे असा निवाडा मिळाला. हिस्सा मागणाऱ्या लेकीला आपल्याकडे लोभी म्हणतात. शास्त्राने या पाचजणींना लोभी म्हटलेलं नाही. एका रविवारी त्यांच्याबद्दल बोलाल का? चर्चमध्ये बसलेल्या कितीतरी बायकांना आपलं नाव प्रथमच उच्चारलं गेल्यासारखं वाटेल.

दुसरं पान भावांचं. एकाच घरात लहानाचे मोठे झालेले दोन भाऊ आज एकमेकांशी बोलत नाहीत आणि दर रविवारी एकाच रांगेतून कम्युनियन घेतात, अशी घरं तुमच्या प्रत्येक धर्मग्रामात आहेत. डोंगरावरच्या प्रवचनात येशूने याबद्दल काही संदिग्ध ठेवलेलं नाही. वेदीपाशी अर्पण आणल्यावर भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करायला जायचं. त्यातला बारकावा बघा. आपल्या मनात भावाबद्दल राग असेल तर, असं ते नाही. त्याच्या मनात आपल्याबद्दल असेल तर. म्हणजे ज्याला जास्त मिळालं, ज्याचं काम झालं, ज्याच्या मनात सल उरलेला नाही, त्यानेच उठून जायचं आहे.

आता शाश्वत संपत्तीबद्दल. हे शब्द आपण इतक्यांदा ऐकले आहेत की ते ऐकून मन शांत होतं आणि हात जागचा हलत नाही. स्वर्गातलं धन म्हणजे प्रार्थना, नोव्हेना, मनातला भाव, असं आम्ही धरून चालतो. शुभवर्तमान उघडलं तर तिथे ते फार ठोस आहे. श्रीमंत तरुणाला येशू सांगतो की जे आहे ते विक, गरिबांना दे, मग स्वर्गात तुझं धन असेल. कोठारांच्या गोष्टीनंतर काही ओळींतच शिष्यांनाही तसंच सांगितलं आहे. दोन्ही ठिकाणी स्वर्गातलं धन निर्माण होण्याआधी पृथ्वीवरचा पैसा एका हातातून दुसऱ्या हातात गेलेला आहे. घेणारा माणूस समोर नसेल तर ते धन साठतच नाही. जक्कयाने अर्धी मालमत्ता गरिबांना द्यायचं आणि ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत करायचं कबूल केलं, तेव्हा त्याच्या घराला तारण आलं आहे असं येशू म्हणाला. रक्कम आणि हिशेब यांच्यासकट आलेलं तारण आहे ते.

चौथ्या शतकात कॅपाडोसियातल्या सिझेरियाचे बिशप संत बेसिल यांनी या कोठारवाल्यावर एक प्रवचन दिलं होतं. त्यांचा मुद्दा असा की कोठारं तुझ्याकडे आधीपासून आहेत, भुकेल्यांची पोटं हीच ती कोठारं. नुसतं बोलून ते थांबले नाहीत. दुष्काळात त्यांनी अन्न वाटलं आणि शहराबाहेर गरीब, आजारी आणि महारोगी यांच्यासाठी एक मोठी वसाहतच उभी केली.

इतक्या लांब जायचीही गरज नाही. आपल्या वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया जपानमध्ये व्यापार करून चांगले पैसेवाले झाले होते. तो धंदा सोडून ते मनिलाला फ्रान्सिस्कन संघात गेले, तेही धर्मगुरू म्हणून नव्हे, साधे ब्रदर म्हणून. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत त्यांना क्रुसावर मारलं गेलं. त्यांच्या सणाला आपण त्यांच्या हौतात्म्याबद्दल बोलतो. पण त्यांनी आधी एक चालता धंदा सोडला होता आणि ज्या दिवशी तो सोडला त्या दिवशी त्यांना कुणी धमकावलेलं नव्हतं, याबद्दल फारसं बोलत नाही. वसईच्या आजच्या तरुणाला क्रुसावर कुणी चढवणार नाही. धंद्याचा प्रश्न मात्र रोज त्याच्यासमोर आहे.

आणि मॉन्सिन्योर मोनीस. शेतकरी सावकाराच्या वहीत अडकलेला असताना १९१८ साली त्यांच्या पुढाकाराने आपल्या लोकांची पतसंस्था उभी राहिली, जी आज बॅसीन कॅथॉलिक बँक म्हणून सगळ्यांना माहीत आहे. एका धर्मगुरूने पैशाला हात लावला, हिशेबाच्या वह्या उघडल्या आणि थोडक्या रुपयांवरून गहाण पडणारी शेती सोडवायचा मार्ग दाखवला. पैसा हा धर्मगुरूचा विषय नाही असं जेव्हा कुणी म्हणतं, तेव्हा मला त्यांची आठवण होते. त्या पिढीचं दुखणं कर्ज होतं. आमचं दुखणं अचानक आलेली रक्कम आहे आणि तिच्यासाठी एखादा मोनीस आम्हाला हवा आहे.

प्रेषितांच्या कृत्यांमध्ये जमीन विकणाऱ्या दोन घरांची गोष्ट लागोपाठ येते. बर्णबाने शेत विकलं आणि पैसे प्रेषितांच्या पायाशी आणून ठेवले. हनन्या आणि सप्पीरा या नवराबायकोने मालमत्ता विकली, काही पैसे मागे ठेवले आणि सगळे दिल्याचं भासवलं. पेत्र हनन्याला जे बोलतो ते फार मोलाचं आहे. विकण्याआधी जमीन तुझीच होती आणि विकल्यावर पैसाही तुझ्याच ताब्यात होता, असं तो स्पष्ट सांगतो. कुणावर सक्ती नव्हती. खोटेपणाने घात केला. म्हणून मी तुम्हाला असं सुचवत नाही की जमिनीच्या पैशातला अमुक टक्का चर्चला मागा. तसं झालं तर उद्या पैसा बोलेल आणि तुम्हाला गप्प बसावं लागेल. देणगीदारांची नावं कोरलेल्या संगमरवरी पाट्या आपल्याकडे वाढत चालल्या आहेत आणि मला त्यांची काळजी वाटते. सोन्याची अंगठी घालून आलेल्याला पुढची जागा आणि मळक्या कपड्यातल्याला पायाशी, असं करू नका, म्हणून याकोबाने पहिल्याच शतकात मंडळीला बजावलं होतं. विधवेच्या दोन दमड्या येशूने पाहिल्या, तिची पाटी कुठे लागली नव्हती.

त्याच याकोबाच्या पत्रात शेत कापणाऱ्या मजुरांच्या अडवलेल्या मजुरीचा उल्लेख आहे. ती मजुरी ओरडते आणि तो आवाज देवाच्या कानी जातो. आपल्या वाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या राबलेली आदिवासी कुटुंबं आठवतात का? वाडी विकली जाते तेव्हा मालकाला रक्कम मिळते, दलालाला दलाली मिळते आणि ज्याने त्या मातीत आयुष्य घातलं त्याला दुसरीकडे काम शोधायला सांगितलं जातं. सातबाऱ्यावर त्याचं नाव नसतं. आपण बांधलेल्या चाळींत भाड्याने राहणारे लोक, पाणी भरणारे, घरकाम करणाऱ्या बाया, हे सगळे आपल्या पैशाच्या वाटेवर उभे असलेले शेजारी आहेत. पवित्र मिस्सेत भाकर मोडताना ते आमच्या मनात यावेत, अशी आमची तयारी तुम्ही करून घ्या.

नुकतंच आपण ज्युबिली वर्ष पाळलं. यात्रा केल्या. लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायातली मूळ ज्युबिली जमिनीबद्दल होती. पन्नासाव्या वर्षी विकलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत जायची, कारण जमीन देवाची आणि माणसं तिच्यावर राहणारी कुळं. इज्रेलचा नाबोथ राजालासुद्धा आपला द्राक्षमळा विकायला तयार झाला नाही, त्यामागे हीच समज होती. ती समज गमावून बसलेल्या आम्हा लोकांपर्यंत काही प्रार्थनासभांमधून वेगळाच संदेश येतो आहे, की बंगला आणि गाडी हीच देवाच्या कृपेची खूण. ईयोबाचं पुस्तक ज्याने एकदा नीट वाचलं आहे त्याला हे पटणार नाही. पण आमचे तरुण तिकडे जातात, कारण तिथे पैशाबद्दल कुणीतरी बोलतं तरी.

आता मुख्य मागणी. नवं घर बांधलं की आम्ही तुम्हाला बोलावतो. तुम्ही येता, प्रत्येक खोलीत पवित्र पाणी शिंपडता, प्रार्थना म्हणता, चहा घेता. वकील, तलाठी, बिल्डर यांपैकी कुणालाही त्या घरात तो मान नाही. त्या भेटीआधी एक दिवस घरच्या कर्त्या माणसाला बाजूला घेऊन एवढंच विचारा, की या घराच्या पैशात कुणाचा वाटा राहून गेला आहे का. बहिणीचा, भावाचा, मजुराचा, कुणाचाही. उत्तर तुम्हाला द्यायची गरज नाही, त्याने ते स्वतःला द्यावं. आणि राहिला आहे असं तो स्वतःहून म्हणाला, तर आशीर्वादाची तारीख पुढे ढकला. माणसं रागावतील. एखादं घर दुसऱ्या धर्मग्रामातल्या फादरना बोलावेल. म्हणून हे तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवायला हवं, एकट्यादुकट्याला ते पेलणार नाही.

त्याबरोबर चर्चचा हिशेबही वर्षातून एकदा सगळ्यांसमोर वाचून दाखवा, सणाच्या खर्चासकट. पौलाने यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली तेव्हा ती एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी निवडलेली माणसं बरोबर घेतली, म्हणजे देवापुढे आणि माणसांपुढेही संशयाला जागा राहू नये. आणि ती वर्गणी देण्यात मासेदोनियाची मंडळी पुढे होती, जी स्वतः फार गरीब होती. आम्हाला आमचे आकडे उघडायला सांगणाऱ्याने आपले आधी उघडले तर आमची तोंडं बंद होतील.

आणखी एक काम लगेच करता येईल. उपवासकाळात दर शनिवारी संध्याकाळी पॅरिश हॉलमध्ये एक वकील बसवावा. हक्कसोडपत्र आणि वाटणीपत्र यांत फरक काय, मृत्युपत्र कसं करतात, सही करण्याआधी काय वाचायचं, हे त्याने बायकांना समजावून सांगावं. फक्त बायकांना बोलावलं तर कुजबुज होईल, म्हणून भावांनाही बोलवा आणि दोघांना शेजारी बसवा. मिस्सेनंतर व्यासपीठावरून तुम्ही स्वतः जाहीर केलंत तर माणसं येतील, कारण आमच्याकडे तुमचा शब्द अजून खाली पडत नाही. खुर्च्या मांडणं, चहा करणं, ज्यांना लिहितावाचता येत नाही त्यांचे कागद वाचून दाखवणं, हे आम्ही बायका करू. कोणत्या शनिवारी सुरुवात करायची तेवढं कळवा.

आपली नम्र,
वसईची एक लेक